आट्यांचा बल्ब

रुपचंद बडगुजरला विजेच्या खांबांची भीती वाटायला लागली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. विजेची नव्हे, खांबांची. मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यानं तो घरून निघाला की खांब आला, रस्ता ओलांड. समोरच्या बाजूला खांब आला, पुन्हा इकडे ये. अशी त्याची नागमोडी चाल सुरू व्हायची. टपरीवरची टवाळ मंडळी म्हणायची, साहेबांनी सकाळीच घेतलेली दिसते. रुपचंदनं जन्मात थेंबाला हात लावलेला नव्हता. पण खरं कारण सांगून वेड्यात निघण्यापेक्षा दारुडा म्हणवून घेतलेलं बरं, असा त्यानं हिशेब केला होता. खरं कारण असं की खांबाखालून जाताना वरून एक दोरी हळूहळू खाली येईल आणि ओळखीचा आवाज पाणी मागेल, असं त्याला वाटायचं.

आता हे सगळं समजायचं तर आधी रुपचंद कोण ते सांगायला हवं. जळगावातल्या एका छोट्या दैनिकात तो रोज एक राजकीय व्यंगचित्र काढायचा. दोन कॉलमांची चौकट, खाली सही ‘रुप’. त्याआधी वीस वर्षं तो दुकानांच्या पाट्या रंगवत असे. जळगावच्या बाजारात एके काळी अर्ध्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आला. जी पाटी रंगवायला त्याला दोन दिवस लागायचे ती यंत्रातून दहा मिनिटांत बाहेर पडायला लागली, वर दुकानदाराचा फोटोही. रुपचंद घरी बसला. जुनं झालं म्हणून फेकलं गेल्यावर माणसाला कसं वाटतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून तर पुढं त्यानं जे केलं ते जास्तच लागतं.

त्याच्या हातात पहिला ब्रश दिला तो तोताराम आबांनी. आबा लाइनमन. नरडाण्यापासून चार किलोमीटरवरच्या ज्या गावात रुपचंद जन्मला, त्याच गावचे. गावात पहिली तार आबांनीच ओढली होती आणि पारावरचा पहिला बल्बही त्यांच्याच हातानं लागला होता. त्या दिवशी म्हाताऱ्यांनी बल्बला हात जोडले होते म्हणे. पुढं खांबांवर नंबर घालायचं काम निघालं तेव्हा एकोणीस वर्षांच्या रुपचंदला आबांनी बरोबर घेतलं. आबा वर चढून तारा ज्यांवर टेकतात ते चिनीमातीचे वाटे तपासायचे, खाली रुपचंद पांढऱ्या पट्ट्यावर लाल आकडे काढायचा. ऊन असं की तारेवर कावळा बसायचा नाही. आबांना तहान लागली की ते वरून दोरी सोडायचे, म्हणायचे, “रुपा, पानी बांध रे.” रुपचंद दोरीला पाण्याची बाटली बांधायचा आणि ती हेलकावे खात वर जायची.

आबांच्या कानावर कायम एक पेन्सिलीचा तुकडा. खाली उतरले की ते रुपचंदच्या आकड्यांकडे निरखून बघायचे आणि चुकीच्या जागी पेन्सिलीनं बारीकशी खूण करायचे. कधी रागावले नाहीत, की कधी शाबासकीही दिली नाही.

“सातना आकडा नीट काढ. एकना सारखा दिसाले नको,” ते म्हणायचे. “चुकेल आकडा मानूसले मारस.”

म्हणजे असं की नंबर चुकीचा वाचला तर भलत्याच लाइनचा करंट बंद होतो, आणि दुसरीकडे कुणीतरी चालू तारेला हात घालतो. रुपचंदला ते तेव्हाही पटलं होतं. पुढं व्यंगचित्रं काढायला लागला तेव्हा मात्र विसरला. व्यंगचित्रानं कोण मरतंय, असं त्याला वाटायचं.

मग एलईडीचं वारं आलं. जुना बल्ब आणा, विजेचं बिल दाखवा, नवा बल्ब घेऊन जा. गावोगावी शिबिरं, शिबिरात पुढाऱ्यांचे फोटो, फोटोत पुढाऱ्यांच्या हातात बल्ब. व्यंगचित्रकाराला असा हंगाम पुन्हा मिळत नाही. रुपचंदनं त्या वर्षी चाळीसेक बल्ब काढले असतील. तिकीट कापलेला पिवळा बल्ब, पक्ष बदलून पांढरा झालेला पिवळा बल्ब, भाषण फार आणि उजेड कमी असा बल्ब. लोक सकाळी आधी त्याची चौकट बघायचे. पाटीवाला रुपचंद त्या वर्षी प्रथमच माणसांत आला.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्याचे सगळे बल्ब आट्यांचे होते, फिरवून बसवायचे. आपल्याकडे घराघरात असतो तो पिनांचा बल्ब: बुडाशी दोन बाजूंना दोन पिना, होल्डरात दाबायचा आणि जरासा वळवायचा. रुपचंदच्या स्वतःच्या डोक्यावर तसाच लटकत होता. पण बल्ब काढायला तो शिकला होता रद्दीत मिळालेल्या परदेशी मासिकांवरून, आणि हाताला एकदा जे वळण लागतं ते लागतं. ना त्याला चूक दिसली, ना संपादकाला, ना हजारो वाचकांना.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. खान्देशात आखाजीला नवी मातीची घागर आणून पाण्यानं भरतात, तिच्यावर लहान मडकं, मडक्यावर डांगर, म्हणजे खरबूज. शेजारी आंबे. उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढत गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. उन्हाळ्यात तहानेले झालेले पितर त्या दिवशी पाणी पिऊन जातात. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्याची पहिली घागर. ती चुकली तर माणूस तहानेला फिरतो असं म्हणतात. जिवंत माणसाची घागर तर कुणी थट्टेतही बोलत नाही.

रुपचंदला वाटलं, यंदा जुन्या बल्बची घागर काढू. पाटावर घागर, वर डांगर, मागं पिवळ्या बल्बचा हार घातलेला फोटो, आणि टोप्या घातलेले पांढरेफेक एलईडी हात जोडून उभे. फोटोतल्या बल्बला त्यानं चेहरा दिला तो जिल्ह्यातल्या एका जुन्या पुढाऱ्याचा, ज्याला त्याच्याच चेल्यांनी त्या साली घरी बसवलं होतं. चित्र झकास झालं होतं. ते पाहून संपादक जीवराम शेठ आधी पोट धरून हसले आणि मग त्यांचा चेहरा पडला.

“अरे, अजून जिवंत आहेत ते! आणि माणसं आहेत त्यांची गावभर. चेहरा बदल.”

“कुणाचा घालू?”

“कुणाचाही घाल. ज्याला कुणी विचारत नाही असा.”

संध्याकाळचे पाच वाजले होते, पान सहाला जायचं होतं. रुपचंदनं पुढाऱ्याचा चेहरा पांढऱ्या रंगानं बुजवला. मग हात आपोआप चालला. तुळतुळीत टक्कल, बारीक मान, बाहेर आलेले कान, कानावर पेन्सिलीचा तुकडा. बल्बला इतका शोभणारा चेहरा दुसरा नव्हताच. तो काढून झाल्यावर त्याला कळलं की हे आबा आहेत. पण म्हटलं, नरडाण्याकडे आपला पेपर जातोच किती! वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं. ज्याची माणसं गावभर होती तो सुटला, आणि ज्याची माणसं म्हणजे एक बायको आणि एक लेक, तो भिंतीवर टांगला गेला.

पेपर गेला. अशा वेळी पेपर नेमका जातोच. ऐन आखाजीच्या सकाळी पारावर चार टाळकी जमली होती. आबा येताना दिसले तसं कुणीतरी ओरडलं, “आबा, तुमनी घागर भराई गई! आते पानीनी काय चिंता!”

आबांनी पेपर हातात घेतला, चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “डांगर कोठे शे मंग? खाई तरी लेऊ.” सगळे हसले, आबाही हसले. पेपरचं ते पान मात्र त्यांनी मागून घेतलं, घरी नेऊन चौकट कापली आणि आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवली. हे सगळं रुपचंदच्या कानावर आठ दिवसांत आलं. गावी जाऊन पाय धरावेत असं त्याला फार वाटलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पावसाळा गेला, दिवाळीही गेली. लाज वाटणाऱ्या माणसाला जगातली सगळी कामं तातडीची वाटतात.

पौषात आबा गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. वय झालेलं होतं, नव्वदीला टेकले होते. डॉक्टरला विचाराल तर यात नवल काही नव्हतं. पण रुपचंद दारावर गेला तेव्हा आबांची बायको झुंबरबाई कोपऱ्यातून उठलीही नाही. सगळ्या बायकांच्या देखत तिनं त्याला सुनावलं.

“शेवटलं पानी त्यासना घसामां उतरनं नही, रुपा. बठ्ठं बाहेर उनं. कसं उतरी? घागर तं तू आधीच भरी टाकी.”

रुपचंद आल्या पावली परतला.

त्यानंतर त्याचा हात बिघडला. मंत्री काढायला घेतला की टक्कल उतरायचं. नगरसेवकाला आबांचे कान यायचे. एकदा तर त्यानं मुद्दाम गाढव काढलं, गाढवाला तरी काही होणार नाही म्हणून. तर गाढवाच्या कानावर पेन्सिल. कागद फाडून फाडून टोपली भरायची. जीवराम शेठ आठवड्यातून चार दिवस जुनीच चित्रं फिरवून छापायला लागले आणि पाचव्या दिवशी त्यांनी चौकटीच्या जागी शिकवणीची जाहिरात टाकली. आणि खांब तर होतेच. डोळे मिटले की दोरी खाली यायची. रुपचंदला बाटली सापडायची नाही. दोरीचं टोक त्याच्या तोंडासमोर लोंबत राहायचं आणि वरून आवाज यायचा, न रागावलेला, फक्त तहानेला.

पुढची आखाजी आठवड्यावर आली आणि आबांची लेक ज्योती, जी नरडाण्यातच दिलेली होती, तिचा फोन आला.

“रुपाभाऊ, माय घागर भरस नही. म्हनस, एक मानूसनी दोनदा घागर व्हत नही. आबासनी पहिली घागर शे, चुकनी तं काय? तुम्हीच या. तुमनाशिवाय ती कोनं ऐकाव नही.”

झुंबरबाईचं तरी काय चुकत होतं? ती आबांवर रुसली नव्हती, त्यालाही शिक्षा करत नव्हती. तिच्या लेखी आबांची घागर वर्षापूर्वीच, जिवंतपणीच भरून झाली होती. त्यांच्या वाटचं पाणी कागदावर वाया गेलं होतं. आणि आता आबा तसेच, कोरड्या तोंडानं, फिरणार होते. ते कुठं फिरतात हे तर रुपचंदला कुणी सांगायलाच नको होतं.

आखाजीच्या सकाळी तो पॅसेंजरनं नरडाण्याला उतरला आणि उन्हात चालत गावात आला. वाटेतल्या खांबांवर त्यानंच काढलेले आकडे होते, कुठं फिकट, कुठं पार गेलेले. पिंपळाला झोके बांधले होते आणि माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. आबांच्या ओट्यावर नवी घागर आणलेली होती, पण पालथी. ज्योतीनं त्याला डोळ्यांनीच आत जा म्हणून खुणावलं आणि ती चुलीकडे गेली.

“उना का? बठ,” झुंबरबाई म्हणाली. मग तिनं हत्यारांची पेटी ओढली आणि घडी केलेलं कात्रण काढून त्याच्या पुढ्यात टाकलं. “हाऊ तुना कागद. लई जाय. मना घरमां नको.” एवढं बोलून ती, कितीही झालं तरी दारी आलेला माणूस म्हणून, त्याच्यासाठी पाणी आणायला मागच्या अंगणात गेली.

रुपचंदनं घडी उलगडली. छापून आल्यापासून ते चित्र त्यानं पुन्हा पाहिलेलं नव्हतं. घागर, डांगर, टोपीवाले एलईडी, हार घातलेला फोटो. आणि फोटोतल्या बल्बच्या बुडाशी पेन्सिलीच्या रेघा.

आबांनी त्याचे आटे एका बारीक रेघेनं काटले होते. दोन्ही बाजूंना दोन पिना काढल्या होत्या, मोजून मापून, लाइनमनच्या हातानं. आणि खाली खांबावरच्या आकड्यांसारख्या सरळ अक्षरांत लिहिलं होतं: आता बसेल.

चाळीस बल्ब काढले, हजारो लोकांनी पाहिले, आणि चूक दिसली ती या एकट्या माणसाला. आणि दिसली कुठं, तर स्वतःच्या घागरीमागच्या फोटोत! सात एकासारखा दिसत होता तेव्हा जशी खूण करायचे, तशीच ही खूण. ना राग, ना शाबासकी. हा चेहरा आपला आहे हे आबांनी ओळखलं होतं, आणि आपला आहे तर निदान आपल्या होल्डरात बसेल असा तरी असावा, म्हणून तो दुरुस्त करून ठेवला होता. रुपचंदला रडू आलं, ते त्यानं दाबलं नाही.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं की या दोन पिना नसत्या तर?

आट्यांचा बल्ब या घरच्या कुठल्याच होल्डरात बसणार नाही. झुंबरबाई लाइनमनची बायको. साठ वर्षं तिनं बल्ब दाबून वळवलेत. आटे राहिले तर तो बल्ब परका, आणि मग ती घागरही आबांची नाही. पिना राहिल्या तर तो आबांचाच. खिशात नेहमीसारखं खोडरबर होतं. पण खोडायचं काय, तर आबांच्या हातचं शेवटचं अक्षर! ठेवावं तर आबा तहानेले. मागच्या अंगणात रांजणावरची झाकणी वाजली. ती आता येणार होती.

त्यानं आधी पिना खोडल्या. मग काटमारीची रेघ. ते दोन शब्द सगळ्यात शेवटी खोडले, कारण हात चालत नव्हता. पेपरचा कागद कच्चा, फाटू नये म्हणून त्याला हळूहळू घासावं लागलं, आणि तेवढा वेळ ती अक्षरं वाचावी लागली.

झुंबरबाई तांब्या घेऊन आली. रुपचंद म्हणाला, “अक्का, हाऊ बल्ब देख.”

“काय देखू? देखेल शे.”

“बुड देख त्यानं.”

तिनं कागद दारापाशी उजेडात नेला, डोळ्यांशी धरला, लांब धरला. मग कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेला जुना बल्ब काढला. शिबिरात गावाचे सगळे बल्ब जमा झाले तेव्हा आबांनी हा एक मागं ठेवला होता. तिनं तो कागदाशेजारी धरला. एका बाजूला दोन पिना, दुसऱ्या बाजूला आटे. तिनं अंगठ्यानं पिना चाचपल्या.

“हाऊ आपला नही,” ती हळूच म्हणाली. “हाऊ तं आपला होल्डरमां बसावच नही. मंग हाई कोननी घागर शे?”

“कोननीच नही, अक्का. माले बल्ब काढता येस नही, हाईच खरं.”

“आबा तं म्हनेत, रुपाना हात साफ शे.” तिनं पुन्हा कागदाकडे बघितलं. “त्यासनी पेन्सिलनी काही लिखं व्हतं ह्यावर. एक दिन बठीसन लिखी राहयंतात. माले वाचता येस नही. काय लिखं व्हतं रे?”

रुपचंदनं बोटं मुठीत मिटली. “पुसाई गयं, अक्का.”

“पेन्सिलनं काय,” झुंबरबाई म्हणाली. “पुसाईच जास.”

तिनं डोळे पुसले आणि ज्योतीला हाक मारली. घागर सुलटी झाली. पाटावर गहू पसरले, त्यावर घागर ठेवली. आबांना मुलगा नव्हता, म्हणून झुंबरबाईनं पाण्याचा हंडा रुपचंदच्या पुढं सरकवला.

“आमले आंडोर नही. तूच टाक पानी.”

त्यानं तांब्या बुडवला आणि आबांचं नाव घेऊन घागरीत पहिली धार सोडली. दुसरी सोडली, तिसरी सोडली. घागर गळ्याशी आली तेव्हा त्याचं लक्ष बोटांकडे गेलं. खोडरबराचा काळपट भुगा बोटांना चिकटून होता आणि ओल्या हातावरून निसटून पाण्यात पडत होता. आबांच्या दोन पिना, एक रेघ आणि दोन शब्द. ते कण थोडा वेळ पाण्यावर फिरले, मग एकेक करून तळाला गेले.

झुंबरबाईच्या डोळ्यांना ते दिसलं नाही. तिनं मडकं वर ठेवलं आणि मडक्यावर डांगर ठेवलं.